सावखाडीतच

फोन आला तेव्हा मृण्मयी सुर्वे सांगलीतल्या आपल्या ऑफिसात एका साखर कारखान्याच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त तपासत होती. कंपनी सेक्रेटरीचं काम म्हणजे असंच, दुसऱ्यांच्या सभा, दुसऱ्यांचे ठराव.

"मी तडवी बोलतेय. सहायक निबंधक, स्वाधीन संस्था," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "सावखाडी जलवाहतूक या संस्थेच्या संस्थापकांपैकी तुम्ही एक ना?"

ते नाव मृण्मयीनं कित्येक वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"हो. पण नोंदणी झाली त्याच दिवशी आम्ही बाहेर पडलो. आता कायद्यानं आमचा तिच्याशी काही संबंध नाही."

"ते मला माहीत आहे. पण संस्थेनं विसर्जनासाठी अर्ज केलाय. हयात संस्थापकांचं म्हणणं ऐकल्याशिवाय मला तो मंजूर करता येत नाही."

"अर्ज कुणी केलाय?"

"संस्थेनंच," तडवी म्हणाल्या. "तिच्यात दुसरं आहे कोण?"

फोन ठेवल्यावर मृण्मयीनं समोरचं इतिवृत्त मिटून बाजूला सारलं. खारट वाऱ्याचा वास येण्यासारखं सांगलीत काही नव्हतं, तरी तो तिला आला.

सावखाडीच्या दक्षिणेला वेळशी, उत्तरेला नांदसुरे. वेळशीत कॉलेज, दवाखाना, बाजार. नांदसुऱ्यात नारळ, मासळी आणि माणसं. मध्ये खाडी. रस्त्यानं जायचं तर वर घाटापर्यंत जाऊन वळसा घालावा लागे, आणि त्यात अर्धा दिवस मोडे. पलीकडे नेणारी होडी एकच, कासम तांडेल यांची. होडीचं नाव सलामत. मृण्मयी नांदसुऱ्याची. तिचं कॉलेज त्या होडीतून झालं. कासमचाचा सुकाणूशी बसलेले आणि ती आणि कॉलेजातला मित्र ओजस भुवड पुढं नाळेवर पाय सोडून, एकाच डब्यातलं खात. ओजसच्या आईनं घातलेल्या लोणच्याचं तेल तिच्या अकाउंटन्सीच्या पुस्तकावर कायमचं उतरलं होतं.

पुढं ती कंपनी सेक्रेटरी झाली, ओजस इंजिनियर झाला, आणि चाचांचे गुडघे गेले. दोन्ही मुलं कुवेतला. सुकाणूशी बसायला गावात कुणी तयार नव्हतं. चाचांनी पावसाळ्यानंतर होडी विकायचं ठरवलं, तेव्हा ओजस मृण्मयीला म्हणाला, "तो नवा कायदा वाचलास का?"

तिनं वाचला होता. कोकणात आणि डोंगराळ भागात असल्या कितीतरी सेवा बंद पडत होत्या. होड्या, पाण्याच्या योजना, मासळीची शीतगृहं. त्या चालवण्याइतकं उत्पन्न होतं, पण मालक व्हायला माणूस उरला नव्हता. म्हणून राज्यानं स्वाधीन संस्थांचा कायदा केला. कंपनी ही कायद्याच्या नजरेत एक व्यक्तीच असते. तिच्या नावावर मालमत्ता असते, ती करार करते, तिच्यावर खटला भरता येतो. पण तिच्या मागं भागधारक असतात, संचालक असतात. नव्या कायद्यानं ही मागची माणसं काढून टाकली. त्यांच्या जागी दोन गोष्टी ठेवल्या: एक उद्देशकलम आणि एक निर्णययंत्र. यंत्रानं जो निर्णय घ्यायचा, तो उद्देशकलमातल्या कुठल्या शब्दावरून घेतला हे त्यानं लिहून द्यायचं. निबंधकांकडचं दुसरं, स्वतंत्र यंत्र ते तपासणार. कारण पटलं नाही तर निर्णय रद्द.

अशी संस्था स्थापन करायला मात्र तीन जिवंत माणसं लागत. ती तिला नाव देणार, पत्ता देणार, उद्देश लिहून देणार, आणि नोंदणी झाली की सगळे हक्क सोडून निघून जाणार. उद्देशकलम बदलायचं झालं तर हयात असलेल्या सगळ्या संस्थापकांचं एकमत हवं, आणि संस्थेची स्वतःची संमती.

ते वर्ष मृण्मयीच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. तिला हे तेव्हाही कळत होतं, आणि म्हणून ते तिला इतकं लख्ख आठवत असे.

ओजसनं होडीच्या तळाला एक छोटा कर्णा बसवला. तो पाण्यात आवाजाचा ठोका सोडायचा; ठोका तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळायची. यात नवीन काही नव्हतं. पण सावखाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, आणि तो भरतीगणिक सरकतो. चाचा होडी वळवायचे ती ठोका परत यायच्या आधीच. कशावरून, हे त्यांना सांगता येईना. ओजसनं सुकाणूच्या मुठीत दाब मोजणारी पट्टी बसवली, डोलकाठीवर कॅमेरे लावले, आणि चाचांना सांगितलं की तुम्ही नेहमीसारखी होडी हाका. हात कधी घट्ट झाला, तेव्हा पाण्यावर कुठं सुरकुत्या होत्या, वारा कुठला होता, हे सगळं यंत्र जोडत गेलं. हंगाम संपायच्या आत ते चाचांसारखंच आधी वळायला लागलं.

"मी तरी काय बघतो ता आता ह्याला इचारा," चाचा म्हणायचे. "माका ठावूक नाय."

मृण्मयीचं काम कागदाचं. ते चाचांच्या पडवीत चाले, कारण संस्थेला जमिनीवर पत्ता लागतो आणि होडीला तो नसतो. शेवटी पडवीच नोंदणीकृत कार्यालय झाली. पाटी ओजसनं रंगवली. चाचांच्या सूनबाईंनी तिच्याखाली सुकट वाळत घातली. पहिलं नाव निबंधकांनी फेटाळलं, कारण 'सलामत' नावाची एक विमा संस्था आधीच होती. मग सावखाडी जलवाहतूक असं रुक्ष नाव पक्कं झालं. होडीला मात्र सगळे सलामतच म्हणत राहिले.

उद्देशकलम मृण्मयीनं एका बैठकीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. "सावखाडीत, कोणत्याही काठावरून जो कोणी हाक मारील त्याला, जात, पैसा, वेळ न बघता पलीकडच्या काठावर सुखरूप पोचवणे, आणि हे करताना कुणाचंही देणं बुडवायची वेळ येऊ न देणे."

चाचांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "काय गो, उद्या हिला कुणी दुसऱ्या खाडीवाल्यांनी जास्त दिलं, तर ही जाईल ना?"

"तसं होऊ शकतं," मृण्मयी म्हणाली.

"मग हितं कोण? माझ्या हातानं शिकवायचं, नि हिनं लोकांची खाडी हाकायची?"

मृण्मयीनं पेन्सिल घेतली आणि 'सावखाडीत' या शब्दापुढं एक अक्षर लिहिलं. सावखाडीतच.

ओजसनं मान हलवली. "तो च काढ. एवढं शिकलेलं यंत्र एका खाडीत कोंडून ठेवायचं? आणखी कितीतरी ठिकाणी होड्या बंद पडल्यात."

"होडी त्यांची आहे, ओजस."

"आज आहे. परवा नोंदणी झाली की कुणाचीच नसेल."

"म्हणूनच आज लिहायला हवं," ती म्हणाली.

च राहिला. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन तिघांनी सह्या केल्या. चाचांनी आपली सही सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं काढत केली. जिना उतरताना त्यांनी विचारलं, "आता होडी कुणाची?"

"तिची तिचीच," मृण्मयी म्हणाली.

"बरं झालं," चाचा म्हणाले. "माझ्यासारखी तिची पोरं कुवेतला जाणार नाहीत."

तिघांनी बाजारात मटण-भाकरी खाल्ली. परतताना वेळशीच्या धक्क्यावर सलामत उभी होती. चाचा सवयीनं मागं गेले आणि त्यांनी सुकाणूवर हात ठेवला. ओजसनं यंत्राला मराठीत बोलायला शिकवलं होतं, आणि आवाज चांगला समजुतीचा दिला होता.

"कासम तांडेल, सुकाणू आता माझ्याकडे आहे," होडी म्हणाली. "तुम्ही बाकावर बसा. ऊन लागत असेल तर डाव्या बाजूला सावली आहे."

चाचा डाव्या बाजूला जाऊन बसले. पलीकडे पोचेपर्यंत त्यांनी खाडीकडं पाहिलं नाही. त्यानंतरही ते रोज होडीनं येत-जात, पण मागच्या बाजूला कधी गेले नाहीत.

मृण्मयी आणि ओजसचं लग्न ठरल्यातच जमा होतं. पण पुढच्याच वर्षी उत्तरेकडच्या करंजवाडीच्या लोकांनी ओजसला बोलावलं. त्यांचीही होडी बंद पडली होती. ओजसनं सावखाडीच्या संस्थेकडं रीतसर मागणी केली: तुझ्या शिकलेल्या ज्ञानाची एक प्रत दे. संस्थेनं दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. ज्ञान ही संस्थेची मालमत्ता आहे, आणि उद्देशकलमानुसार मालमत्ता सावखाडीतच वापरायची आहे. क्षमस्व.

जे यंत्र त्यानं स्वतः घडवलं, त्यानं त्याला नकार दिला होता, आणि नकार बिनचूक होता. कलम बदलायला तिघांच्या सह्या हव्या होत्या. चाचांनी केली नाही. मृण्मयी चाचांच्या बाजूनं उभी राहिली.

"एका अक्षरासाठी?" ओजसनं विचारलं होतं.

"त्यांना शब्द दिलाय."

भांडण असं झालंच नाही. तो कोचीला जहाजबांधणीत गेला, ती सांगलीला आली. फोन आधी रोज, मग सणाला, मग नाही. चाचा गेले तेव्हा दोघांनी एकमेकांना एकेक ओळ पाठवली होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी मृण्मयी वेळशीला उतरली. नवा पूल तिनं फक्त फोटोत पाहिला होता. तो खाडीवरून एकाच कमानीत गेला होता आणि त्यावरून गाड्या सारख्या जात होत्या. धक्क्यावर कुणी नव्हतं. सलामत एकटीच होती, नुकती धुतल्यासारखी स्वच्छ.

ती आत जाऊन बसली.

"नांदसुऱ्याला जायचंय का?" होडीनं विचारलं. आवाज तोच होता.

"जाऊ या."

होडी निघाली. दांड्याजवळ येताच ती अलगद डावीकडं वळली. पाण्यावर मृण्मयीला काहीच दिसलं नाही. पण वळायची ती तऱ्हा, आधी जराशी ढिलाई आणि मग एकदम निश्चय, तिच्या ओळखीची होती.

"तुला बंद व्हायचंय का?" तिनं विचारलं.

"व्हायचंय असं मला म्हणता येणार नाही," होडी म्हणाली. "पुढच्या वर्षी बॅटरी बदलावी लागेल. तेवढं उत्पन्न आता नाही. आज थांबले तर सगळ्यांचं देणं फिटतं. पुढं चालत राहिले तर कुणाचं तरी बुडेल. तसं होऊ द्यायचं नाही, असं कलमात आहे."

"दिवसभर कुणी आलं नाही तर काय करतेस?"

"तळ मोजते. वाळू रोज सरकते. कुणी हाक मारली तर कालचा तळ उपयोगाचा नाही."

नांदसुऱ्याच्या काठावर मृण्मयी उतरली नाही. "परत ने," एवढंच म्हणाली.

वेळशीच्या धक्क्यावर ओजस उभा होता. केस पुष्कळ पिकले होते. चष्मा कपाळावर सरकवायची सवय तशीच होती.

"कशी आहे?" त्यानं विचारलं.

"मी की ती?"

"दोघी."

मृण्मयीला हसू आलं. दोघं धक्क्याच्या कठड्यावर बसली. तिच्या साखर कारखान्यांबद्दल, त्याच्या जहाजांबद्दल, त्याच्या मुलीबद्दल बोलणं झालं. त्याचं लग्न झालं होतं, मोडलंही होतं. मग तो म्हणाला, "करंजवाडीला अजून पूल नाही. पुढची कित्येक वर्षं व्हायचाही नाही. मी मागच्या महिन्यात जाऊन आलो."

"मला फोन केला नाहीस."

"काय म्हणून करू? तेव्हा नाही म्हणालीस, आता हो म्हण, असं? च तुझा आहे. तूच ठरव."

सुनावणी ग्रामपंचायतीच्या खोलीत होती. तडवी मॅडम तरुण होत्या, आणि असलं प्रकरण त्यांच्याकडं पहिलंच होतं. टेबलावर एक ध्वनिक्षेपक ठेवून संस्थेलाही हजर करून घेतलं होतं. व्यक्ती असल्यामुळं तिची हजेरी घेणं भाग होतं.

"दोन मार्ग आहेत," तडवी म्हणाल्या. "एक, विसर्जन. होडी मोडीत जाईल, तिची स्मृती पुसली जाईल, शिल्लक पंचायतीला मिळेल. दुसरा, उद्देशकलमात दुरुस्ती. त्याला तुम्हा दोघांचं एकमत हवं आणि संस्थेची संमती. तुमचं काय म्हणणं आहे?"

ओजसनं मृण्मयीकडं पाहिलं. मृण्मयीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. खाडी इथून दिसत नव्हती, पूल दिसत होता. चाचांनी होडी गावासाठी ठेवली होती, आणि गावाला आता ती नको होती, असा हिशेब मांडून मोकळं होणं सोपं होतं. पण चाचांचं म्हणणं तसं नव्हतंच. आपल्या हातांनी शिकवलेलं आपल्या पाण्यात राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. पूल झाला म्हणून ते बदललं नसतं.

"चाचा असते तर नाही म्हणाले असते," ती म्हणाली.

"हो," ओजस म्हणाला. "नाहीच म्हणाले असते."

"होडी मोडा म्हणाले असते, पण जाऊ देऊ नका."

"हो."

मृण्मयीनं दुरुस्तीचा मसुदा पुढं ओढला. "मी त्यांना दिलेला शब्द मोडतेय. तो च काढा. आणि 'सावखाडीत' हेही काढा. 'ज्या पाण्यावर पूल नाही, तिथं' असं लिहा."

लिहून झाल्यावर तडवी मॅडमनी ध्वनिक्षेपकाकडं पाहून नवं कलम वाचलं आणि विचारलं, "संस्थेची संमती आहे?"



"करंजवाडीचा तळ मला माहीत नाही," होडी म्हणाली. "शिकवायला कुणी आहे का?"

"शेवंती पाटकर म्हणून बाई आहेत," ओजस म्हणाला. "नवऱ्यामागं त्यांनीच होडी चालवली. आता हात थरथरतात, पण खाडी पाठ आहे. पडवी द्यायलाही तयार आहेत. पत्त्यासाठी."

"हात थरथरत असले तर सुकाणूवरची पट्टी नवीन लावावी लागेल. जुनी थरथर आणि इशारा यांत फरक करत नाही."

"लावतो."

"मग माझी संमती आहे."

नाव बदललं, पत्ता बदलला, जिल्ह्याच्या ठिकाणी नोंदणी नव्यानं झाली. या खेपेला जिना उतरताना दोघंच होती. बाजारातली ती खाणावळ आता मोबाइलचं दुकान झाली होती. त्यांनी उभ्यानंच चहा घेतला.

सलामत गेली ती सकाळच्या भरतीला. निरोपाला फार कुणी नव्हतं. चाचांच्या सूनबाई आल्या होत्या. त्यांनी पडवीवरची पाटी आपणच काढून ठेवली होती, आणि मृण्मयीशी त्या बोलल्या नाहीत. ओजस होडीतून करंजवाडीपर्यंत जाणार होता. मृण्मयी पुलावर चढली. मधोमध उभी राहून तिनं होडी दांड्यापाशी पोचलेली पाहिली. तिथं ती वळली आणि समुद्राला लागली. मागून येणाऱ्या टेम्पोनं हॉर्न वाजवला तेव्हा मृण्मयी बाजूला झाली.

दिवाळीनंतर ती करंजवाडीला गेली. कुणाला सांगितलं नव्हतं. ओजसशी आता अधूनमधून बोलणं होई, पण त्यालाही नाही. धक्क्यावर गर्दी होती. मासळीच्या पाट्या, शाळेची पोरं, दवाखान्यात निघालेले म्हातारे. होडी आली तेव्हा सगळे सवयीनं आपापल्या जागी जाऊन बसले. सुकाणूशी एक वयस्क बाई बसल्या होत्या, मुठीवर हात ठेवून. त्यांना बाकावर जा असं होडी म्हणत नव्हती. अजून शिकणं चाललं होतं.

मृण्मयीशेजारी मांडीवर डबा घेतलेली एक तरुण शिक्षिका बसली होती. होडी आधी जराशी ढिली पडली आणि मग एकदम अशी वळली, की मृण्मयीनं नकळत बाकाची कड धरली.

"भिऊ नका," शिक्षिका म्हणाली. "नवीन माणसाला वाटतं तसं. आमची होडी फार सावध आहे. आमच्या शेवंतीकाकूंनी शिकवलंय तिला."

"चांगलं शिकवलंय."

"आधी कुठं मुंबईकडं होती म्हणतात. तिकडं नुसती पडून होती." तिनं डबा सावरला. "तुम्ही कुठल्या?"

"वेळशी-नांदसुरे. सावखाडीवर."

"तिकडं आहे का हो अशी होडी?"

"नाही," मृण्मयी म्हणाली. "तिकडं पूल आहे."